वीस दाहे दोनशे

15 जानेवारी 2024च्या भाषणात उत्तर कोरियाच्या किम जोंग उन यांनी फर्मावलं, दक्षिण कोरियाला घटनेतच शत्रू क्रमांक एक लिहून टाका. जगानं तेवढंच ऐकलं. त्याच भाषणात एक पाढाही होता. दरवर्षी 20 काउंट्यांत, म्हणजे तालुक्यांतच म्हणा ना, नवे कारखाने, अशी दहा वर्षं. वीस दाहे दोनशे, की देश संपला! पुढच्याच आठवड्यात त्यांनी पक्षाच्या बैठकीत कबूल केलं, गावाकडे मीठमसाला, खाद्यपदार्थ, रोजच्या वस्तू धड मिळत नाहीत, हा गंभीर राजकीय प्रश्न आहे. अणुबॉम्ब झाला, फोडणीचं राहिलं.

काम मात्र झटपट. 28 फेब्रुवारीला सोंगचोन काउंटीत कुदळ, 20 डिसेंबरला फीत. आपल्याकडे एवढ्या दिवसांत कोनशिलेला शेवाळसुद्धा नीट धरत नाही. मजूर लष्कराचे, त्यासाठी ‘124वी रेजिमेंट’ खास उभी केलेली. निविदा नाही, भूसंपादनाचा मोर्चा नाही.

घोडं पेंड खातं ते पुढे. तिथला एक कारखाना कपड्यांचा. आता संयुक्त राष्ट्रांचा 2017चा ठराव 2397 बघा. जकातीच्या यादीतलं यंत्रांचं प्रकरण 84 उत्तर कोरियाला बंद, आणि शिवणयंत्र नेमकं त्यातच. लोखंड-पोलादाच्या वस्तूही बंद, म्हणजे सुई गेली. शिवलेला कपडा बाहेर विकायला तर त्याआधीच्या ठरावानं बंदी. दोरा तेवढा खुशाल आणा. सुईच्या अग्रावर मावेल एवढी जमीन नाकारणारा दुर्योधन आपल्याला ठाऊक होता. इथे सुईच नाकारली.

तरी कारखाने उभे राहिलेच. यंत्रं कुठली, हे विचारायला संयुक्त राष्ट्रांची एक तज्ज्ञ समिती होती. पण सोंगचोनच्या कुदळीला महिना होतो न होतो, तोच 28 मार्चला रशियानं नकाराधिकार वापरून तिची मुदतवाढच अडवली. शेजारधर्म! उत्तर कोरियाचे सैनिक मग रशियासाठी लढायला गेले. जून 2025मध्ये रशियाच्या सुरक्षा परिषदेचे सचिव शोइगू यांनी प्योंगयांगला जाऊन पुढचा हप्ताही जाहीर केला: रशियातल्या कूर्स्कसाठी 1000 सुरुंग काढणारे आणि 5000 लष्करी बांधकाम मजूर.

सीमेवरची बंदूक, सोंगचोनची थापी आणि कूर्स्कचं फावडं, सगळं एकाच खात्यातलं. हजेरीपट कोण भरतं, देव जाणे.