दाजींच्या पॉलिहाऊसचं सोवळं

थंड मुलखातल्या लोकांनी काचघरं बांधली ती ऊब कोंडून ठेवायला. मावळात उबेची ददात कुणालाच नाही. इथलं पॉलिहाऊस उभं राहतं ते इतरांना बाहेर ठेवायला. पाऊस बाहेर, वारा बाहेर, गारा बाहेर, किडे बाहेर. उन्हालासुद्धा शेडनेटमधून गाळून घेतल्याशिवाय प्रवेश नाही. पवना खोऱ्यातलं आमच्या दाजींचं वीस गुंठ्यांचं पॉलिहाऊस रस्त्यावरून पाहिलं की वाटतं, एवढ्या बंदोबस्तात जरबेरा सोडून दुसरं कोण राहत असणार? मग एके वर्षी पीक काढायची वेळ येते, आणि बिनभाड्याचे पोटभाडेकरू किती होते ते कळतं.

जरबेरा अडीच-तीन वर्षं फुलं देतो. त्यानंतर दांडा आखूड होतो, फूल लहान होतं आणि व्यापारी फोन उचलेनासा होतो. झाडं उपटायची हे सर्वांना मान्य असतं. वाद असतो तो कधी, यावर. दाजींना ती मार्च संपता संपता उपटायची असतात, कारण मातीला एप्रिल-मेचं ऊन द्यायचंय. ताईचं म्हणणं असं की एप्रिल-मेमध्येच तर सगळ्या महाराष्ट्राची लग्नं लागतात, आणि मांडवाला फुलं लागतात. "लोकांच्या लग्नात आपण माती तापवत बसायचं का?" या प्रश्नाला शेतकी पुस्तकात उत्तर नाही. दाजी ते द्यायच्या भानगडीत पडत नाहीत, सरळ मजूर सांगतात.

उपटलेली मुळं बघण्यासारखी असतात. सूत्रकृमींनी त्यांवर गाठीच गाठी केलेल्या. पानांच्या मागे लाल कोळ्यांची जाळी, पाकळ्यांत फुलकिडे, आणि पांढरी माशी तर पान हलवलं की उडून दाखवते. हा सगळा पालापाचोळा पॉलिहाऊसपासून लांब नेऊन नष्ट करायचा असतो. बांधावर टाकला तर मंडळी चार दिवसांत चालत घरी येतात. निळे-पिवळे चिकट सापळेही आता उतरवायचे. त्यांच्यावर गेल्या हंगामातल्या मेलेल्या किड्यांची दाट वस्ती असते. दाजी तेही एकदा नीट निरखतात. कुठल्या कोपऱ्यात गर्दी जास्त, यावरून जाळी कुठे फाटलीय याचा अंदाज येतो.

त्यानंतर प्लास्टिक धुणं. दोनशे मायक्रॉनचा तो कागद (मावळात सगळे त्याला कागदच म्हणतात) रस्त्याच्या धुळीने पिवळट झालेला असतो, आणि गटरच्या कडेने शेवाळाची हिरवी किनार चढलेली असते. मऊ फडकं, साबणाचं पाणी आणि गटरवर तोल सांभाळणारे दोन हलक्या अंगाचे गडी एवढ्यावर हे काम होतं. कामावरच्या सगळ्यात जुन्या मावशींचा याला तात्त्विक विरोध आहे. "भाऊ, ऱ्हाऊ द्या की धूळ. तेवढीच सावली." मावशी अडाणीपणाने बोलतात असं समजू नये. हॉलंडमधले बागाईतदार उन्हाळ्यात काचेवर पैसे खर्चून खडूचा पांढरा लेप देतात आणि ऊन उतरलं की तो पुन्हा पैसे खर्चून काढतात. मावळात हीच सोय खडीच्या डंपरमुळे फुकटात होते. दाजींची अडचण एवढीच की पुढे जुलै-ऑगस्ट आहे. मावळचा पाऊस एकदा बसला की आठवडे आठवडे सूर्य दिसत नाही, आणि त्या अंधारात जो काही मळकट उजेड येईल तो धुळीला वाटून देणं परवडत नाही.

काचघरांचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट खटकते, ती म्हणजे त्यात धुणारे कुठेच नसतात. रोमच्या टायबेरियस बादशहाला रोज काकडी लागे, म्हणून त्याचे माळी चाकांवरचे वाफे उन्हात ढकलत आणि गारठ्यात त्यांवर अभ्रकासारख्या पारदर्शक दगडाची तावदानं घालत, असं प्लिनीने लिहून ठेवलंय. तावदानं पुसत कोण, ते त्याने लिहिलेलं नाही. जोसेफ पॅक्स्टन हा मुळात माळी. त्याने १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी काचेचा अख्खा महाल उभारला आणि तो सर पदवीला पोचला. त्या महालात हाइड पार्कमधली मोठी झाडं न तोडता आत घेतली होती, त्यांच्याबरोबर चिमण्याही आत आल्या. खालच्या उंची मालावर त्या काय करतील या काळजीत असलेल्या राणीला ड्यूक ऑफ वेलिंग्टनने शिकरे सोडा असा सल्ला दिल्याची आख्यायिका आहे. आजच्या भाषेत याला जैविक कीडनियंत्रण म्हणतात, आणि त्याचं प्रशिक्षण तळेगावला मिळतं.

खरी कसोटी मातीची. पूर्वी फॉर्मॅलिन वापरत. कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक वर्षानुवर्षं ज्यात डोळे उघडे ठेवून बसलेला असे, तेच हे. ते बेडवर ओतून आठवडाभर प्लास्टिकने झाकायचं, नंतर भरपूर पाण्याने धुऊन काढायचं. झाकण उघडायच्या दिवशी मजुरांच्या डोळ्यांतून धारा लागायच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पंगतीत बसवलं. परदेशात त्याहून जालीम असं मिथिल ब्रोमाइड होतं. ते बुरशी, तण, कृमी सगळ्यांचा एका दमात निकाल लावी आणि उरलेलं वर जाऊन ओझोनच्या थरावर काम सुरू करी. मॉन्ट्रियल करारान्वये विकसनशील देशांनाही २०१५ पर्यंत त्याचा मातीतला वापर सोडावा लागला. हल्ली चांदीचा अंश असलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. माती फसफसते, पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातं आणि काही तासांत लागवडीला वाफा मोकळा. दाजी ते वापरतात, पण भरवसा ठेवतात तो उन्हावर.

बेड ओले करायचे, त्यांवर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडायच्या, बाजूचे पडदे खाली सोडायचे आणि चार ते सहा आठवडे आत कुणी पाऊल टाकायचं नाही. प्लास्टिक काळं नको. काळं स्वतःच तापत बसतं, पारदर्शक ऊन खाली मातीपर्यंत जाऊ देतं. इस्रायलच्या याकोव कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ही रीत शास्त्रीय कागदावर मांडली. मला यातली गंमत वेगळीच वाटते. एवढा खर्च करून ज्या उन्हाला बाहेर ठेवलं, त्यालाच घर साफ करायला बोलवायचं. पाण्याचंही तसंच. एरवी ठिबकने थेंब मोजून मिळणाऱ्या त्या मातीवरून आता साठलेले क्षार निचरून जावेत म्हणून सढळ हाताने पाणी सोडतात. ठिबकच्या नळ्यांची टोकं उघडली की आधी तपकिरी चिखल, मग शेवाळाचे लिबलिबीत दोरे बाहेर येतात. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार हट्टी असतो, तो आम्ल सोडल्याशिवाय हलत नाही.

इतकं सगळं करून माती निर्जंतुक झाली, की दाजी दुकानात जातात आणि ट्रायकोडर्मा घेऊन येतात. ट्रायकोडर्मा ही बुरशी. म्हणजे महिनाभर बुरशीच्या मागे हात धुऊन लागल्यावर पुन्हा बुरशीच विकत आणायची, ती कुजलेल्या शेणखतात मिसळायची आणि मायेने बेडमध्ये पसरायची. ताईने हिशोबाच्या वहीत दोन्ही खर्च एकाखाली एक लिहिले: 'मारायला' आणि 'आणायला'. पण इथे दाजींचंच बरोबर आहे. रिकामी माती फार वेळ रिकामी राहत नाही; जो पहिला शिरेल तो पसरतो, आणि चांगल्याने जागा धरली नाही तर मुळं कुजवणारा धरतो. एवढं असूनही 'संपूर्ण स्वच्छता' या शब्दावर दाजींची श्रद्धा कायम आहे, आणि माझी त्यांना टोकायची हिंमत नाही. आमच्यात बहिणीच्या नवऱ्याचा मान मोठा.

रोपं यायच्या आदल्या दिवशी दाराशी परमँगनेटच्या जांभळ्या पाण्याची ट्रे भरून ठेवली. पहिलं दार उघडायचं, मधल्या खोलीत उभं राहायचं, ते बंद झाल्यावरच दुसरं उघडायचं. आत येणाऱ्या प्रत्येकाने त्या पाण्यात पाय बुडवायचे. हे पाहण्याचं काम मावशींकडे. धूळ धुवायला विरोध करणाऱ्या मावशी दारावर बसल्या की सोवळ्याच्या बाबतीत जुन्या काळच्या एखाद्या आजेसासूलाही मागे टाकतात. कृषी पर्यवेक्षकांनी पाय बुडवले, बँकेचे साहेब बूट काढून अनवाणी आले, खुद्द दाजीही ट्रे ओलांडून जाताना एकदा पकडले गेले.

लागवडीच्या मुहूर्ताला ताईने भटजींना बोलावलं होतं. ते नारळ आणि पंचांग घेऊन, गर्द पिवळं पितांबर नेसून आले. पिवळ्या रंगावर पांढरी माशी आणि फुलकिडे धाव घेतात. चिकट सापळे त्यासाठीच पिवळे असतात. मावशींनी त्यांना नखशिखांत पाहिलं.

"काका, पाय पाण्यात घाला. आन् सोवळं पांढरं असंल तर आत या, नायतर पूजा हितंच दारात मांडू."

भटजींनी दाजींकडे पाहिलं. दाजी गटरकडे पाहत होते. पूजा दारात झाली.