बहुधा डॉक्टर

पुण्याच्या जयकर ग्रंथालयात तो तुम्हाला दिसेल. समोर पुस्तकांचा ढीग आणि चेहरा असा, की आत्ता कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणणार, ‘‘चला, उठा. यादी चुकली होती.’’ पीएच.डी.साठी नेट झाली, पेट ही प्रवेशपरीक्षा झाली, मुलाखत झाली. फेलोशिप दरमहा येत नाही, पण येते तेव्हा याच्याच खात्यात येते. तरी त्याची खात्री आहे, की आडनावसाम्यामुळे घोळ झालाय आणि विद्यापीठाच्या तो अजून लक्षात आलेला नाही.

विषय एकोणिसाव्या शतकातल्या मराठी वृत्तपत्रांतल्या जाहिरातींचा. त्यातलं त्याच्याइतकं ठाऊक असलेला माणूस शोधूनच काढावा लागेल. पण पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ कधी सुरू झालं, असं विचारा. ‘‘१८४९... बहुधा,’’ म्हणेल. प्रबंधातलं वाक्यही त्याच वळणाचं : ‘असे काही अंशी म्हणण्यास जागा आहे असे वाटते.’ आणि एवढ्यालाही तळटीप! वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल आला, साधर्म्य ४ टक्के. नियमानं १० पर्यंत चालतं. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. याचं जेवणावरचं मन उडालं. उरलेलं ९६ टक्के आजवर कुणीच म्हटलेलं नाही, म्हणजे ते चूकच असणार.

या दुखण्याबद्दल १९७८ साली पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कर्तबगार बायकांच्या अनुभवांवरून निबंध लिहिला होता. यानं तो मिळवून, खुणा करकरून वाचला. ‘‘त्या बायका खरंच हुशार होत्या हो. माझं तसं नाही.’’

आता सर. माणूस सज्जन. प्रकरण दिलं की दीड महिन्यानं परत करतात. सतराव्या पानावरचा एक स्वल्पविराम खोडलेला असतो. बाकी कोरं. बाकीचं आवडलं म्हणून कोरं, की वाचलंच नाही म्हणून? व्हॉट्सअ‍ॅपवर विचारावं तर नुसता अंगठा येतो. गुरूनं शिष्याचा अंगठा मागितल्याचं आपल्याला माहीत आहे; हे गुरू स्वतःचा देतात, तरी शिष्य घायाळच.

हेच सर एका चर्चासत्रात चहाच्या वेळी चौघांना सांगत होते, ‘‘असा विद्यार्थी मला वीस वर्षांत मिळाला नाही.’’ मग हे त्यालाच का सांगत नाही, असं मी विचारलं. ‘‘तोंडावर कौतुक केलं की पोरं शेफारतात.’’ शेफारायला आधी पोरगं खुर्चीत नीट टेकायला हवं; हा अजून काठावर बसतो. सरांच्या सरांचीही म्हणे हीच रीत होती. कौतुकाला काही यूजीसीची मंजुरी लागत नाही, पण बोलणार कोण?

मौखिकीत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंधाची भरभरून तारीफ केली. हा शेवटपर्यंत ‘पण’ची वाट पाहत होता. पुढे नोटिफिकेशन निघालं, तसा हा परीक्षा विभागाच्या खिडकीशी हजर.

‘‘हे नक्की माझंच आहे ना?’’

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘का, दुसऱ्याचं हवं होतं? नाव तुमचं, विषय तुमचा, गाईड तुमचे. करा सही.’’

त्यानं थरथरत सही केली. बाईंनी ती जुन्या अर्जावरच्या सहीशी ताडून पाहिली.

‘‘अहो, ही जुळत नाही.’’