अंगणातली परकीय मंडळी

ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. त्याआधी वर्षानुवर्षं मी त्याच झाडाखाली स्कूटर लावत होतो. उशिरा शहाण्या झालेल्या माणसाचा ताप घरच्यांनाच जास्त. "यापुढे अंगणात फक्त इथल्या मातीतली झाडं," असं मी जेवताना जाहीर करून टाकलं. कुणी मान वर केली नाही. मी तो होकार समजलो.

चीनची मोरपंखी गेली तेव्हा कोणी हळहळलं नाही. ब्राझीलच्या बोगनवेलीने जाता जाता दोन्ही हात ओरबाडले. ते मी देशकार्यात धरले. मग माझं वाचन वाढत गेलं आणि अंगण ओसाड होत गेलं. सदाफुली मादागास्करची. गुलमोहरही तिथलाच, पण तो शेजाऱ्यांचा असल्यामुळे वाचला. (त्यांना समजवायला गेलो होतो. चहा मिळाला, पुन्हा बोलावणं आलं नाही.) देवळापुढे शोभणारा पांढरा चाफासुद्धा मेक्सिकोकडचा निघाला, आणि झेंडूही!

दसरा तोंडावर आलेला, आईचे नवरात्राचे उपास चालू. मी झेंडूच्या वाफ्यात कुदळ घेऊन उतरलो, तशी ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "मग आज खिचडी करायची की नाही रे?"

साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथला, बटाटा तिथला. मिरची पोर्तुगीजांच्या मागोमाग आलेली, आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतलं 1510 साली. हे सगळं आदल्या रात्री मीच तिला ऐकवलं होतं. उरलं तूप, मीठ आणि जिरं. जिऱ्याचं मूळही पश्चिमेकडचंच, पण भूक लागली होती. मी गप्प बसलो. झेंडू राहिला.

पुढच्या पावसाळ्यात नर्सरीत जाऊन म्हटलं, "इथलंच काहीतरी द्या." "सगळं इथलंच आहे साहेब, मागच्या शेडमधलं," माळी म्हणाला. शेवटी कुडा, अडुळसा आणि कढीपत्ता घेऊन आलो. कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्यांची शिट दिसली म्हणून ओलं फडकं घेऊन पुसायला गेलो, तर शिट चालू लागली. त्या फुलपाखराच्या अळ्या होत्या. पक्ष्यांना चकवायला त्या असं सोंग घेतात. मग मी त्यांचा पहारेकरी झालो. त्यांनी झाडाचा खराटा केला, बायको बाजारातून कढीपत्ता आणू लागली. यथावकाश काळी, पांढऱ्या ठिपक्यांची फुलपाखरं बाहेर पडली आणि माझ्या अस्सल देशी अंगणाकडे ढुंकूनही न बघता शेजाऱ्यांच्या घाणेरीवर जाऊन बसली. घाणेरी अमेरिकेची.

तरीही देशी झाडं जरूर लावा. कुड्याला माझ्याकडून फारशी देखभाल लागत नाही, अडुळसा खोकल्याला उपयोगी पडतो. कढीपत्त्याची मात्र दोन रोपं लावा: एक आमटीला, एक अळ्यांना.