काळ्या-पांढऱ्याची रंगपंचमी

भिवंडीत यंत्रमाग बंद पडला, की मालकाच्या तोंडचं पाणी पळतं. इंकजेट प्रिंटर बंद ठेवला, की खुद्द प्रिंटरच्याच तोंडचं पाणी पळतं. शाई सुकते, केसाहून बारीक नोझल बुजतात.

आमच्या आजोबांनी जन्मभर पांढरं धोतर आणि काळी टोपी यांखेरीज काही घातलं नाही. त्यांचा कृष्णधवल फोटो छापला, तर कपाळावर आडवी पांढरी रेघ. आजोबा तर वारकरी! चौकशीअंती कळलं, चूक आमचीच. नुसतं काळं-पांढरं छापत बसलो, तर निळ्या, गुलाबी, पिवळ्या शाईने सुकू नये तर काय करावं? बऱ्याच प्रिंटरांत करड्या छटेलाही या तिघी लागतात. सबब, आठवड्याला एक रंगीत पान छापावं. प्रिंटर भिंतीवरच्या स्विचने नव्हे, त्याच्याच बटणाने बंद करावा, म्हणजे नोझलांचं हेड टोपीखाली जाऊन बसतं. आणि सुताचं तूस उडत नाही अशा जागी ठेवावा. (भिवंडीत अशी जागा सापडल्यास आम्हालाही कळवा.)

नियम मनोभावे पाळतो. दर रविवारी जास्वंद छापतो. शेजारच्या मागवाल्यांनाही सुचवलंय, मांजरपाटाचा माग गंजू नये म्हणून आठवड्याला एक पैठणी काढत चला.

तरी तुंबलंच, तर हेड क्लीनिंग. त्यात वाहिलेली शाई तळातल्या पॅडात मुरते आणि पॅड भरलं, की प्रिंटर कामच थांबवतो. हा मात्र निव्वळ नाजूकपणा. इतकी वर्षं रंगाचं पाणी पोटात घेऊन आमची कामवारी नदी कधी थांबली का?