अंगठ्याखालचा सातबारा

घाटंजीचा सातबारा बंगळुरूला पोचतो तेव्हा त्यावर एक अंगठा असतो. शेतकऱ्याचा नव्हे, फोटो काढणाऱ्या भाऊंचा. तोही बरोबर ‘इतर अधिकार’ या रकान्यावर.

अंगठा टेकवायला कागदावर दुसरी जागा नाही का? गट नंबर आहे, क्षेत्र आहे, आकारणी आहे. पण नाही. बँकेचा बोजा, बहिणींची नावं, शेजाऱ्याचा विहिरीतला हिस्सा, परवानगीशिवाय विक्रीला बंदी, अशी जमिनीची सगळी कुंडली जिथे मांडलेली असते, नेमका तिथेच भाऊंना कागद धरावा लागतो. वारा फार असतो म्हणे.

भाऊ मालक नाहीत. त्यांच्याकडे आहे इसारचिठ्ठी. लाखभर रुपये टेकवून सहा महिन्यांची मुदत, आणि ‘आपण सांगाल त्याच्या नावे खरेदी करून देईन’ हे सोन्याचं वाक्य. समजा शेतकऱ्याला एकरी आठ लाख, बंगळुरूच्या पार्टीला चौदा. मधले सहा ही अंगठ्याची मजुरी. भाव रेल्वेचा सांगायचा. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावर गाडी २०२४ साली कळंबपर्यंत आली. भाऊंचा दर तोवर नांदेडला जाऊन परत फिरला होता.

पार्टीही थोरच. भाजीवाल्याकडे भेंडी मोडून बघणारा हा माणूस ड्रोनच्या व्हिडिओवर टोकन पाठवतो. डिजिटल सहीचा सातबारा सरकारी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, बिनाअंगठ्याचा. तो काढवत नाही. विदर्भात बिगरशेतकऱ्याला शेती घ्यायची तर १९५८च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम ८९ आडवं येतं. मालक कोलाम किंवा गोंड असेल तर महसूल संहितेचं ३६-अ. दोन्हींवर भाऊंचं उत्तर एकच: “होऊन जाते ना बाप्पा!” आणि मेसेजच्या शेवटी, खास आकर्षण म्हणून, ‘मालक अडचणीत, भाव तुटेल’. लाज वाटत नाही? २०१७ साली बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेनं याच यवतमाळ जिल्ह्यात माणसं मेली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ज्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं, तिथल्या माणसाचं कर्ज, पोरीचं लग्न, दवाखान्याचं बिल तुम्ही रोड टच, वीज, पाणी यांच्या रांगेत सोय म्हणून छापता! आणि ते वाचून पलीकडचा सुशिक्षित माणूस फोन फेकून देत नाही. तो फक्त विचारतो, थोडं थांबलो तर अजून तुटेल का?

“पेरणीपर्यंत थांबा ना सर,” भाऊ सांगतात. “बियाण्याले पैसा लागतेच.”