सेंटरसाहेब, जरा पुढे सरका

बास्केटबॉल बघणाऱ्यांत एक जमात अशी आहे, की सात फुटी खेळाडू तीन गुणांच्या रेषेबाहेर दिसला की तिचं रक्त उसळतं. ‘देवानं एवढी उंची दिली आणि हा लेकाचा चोवीस फुटांवरून फेकाफेकी करतोय!’ एनबीएचे सामने आपल्याकडे भल्या सकाळी लागतात, त्यामुळे हा संताप बहुतेक वेळा चहाच्या आधीच व्यक्त होतो. संतापणाऱ्याचा हिशेब सरळ असतो. रिंग दहा फुटांवर, माणूस सात फुटांचा, तेव्हा त्यानं रिंगखाली उभं राहावं आणि वरच्या वर चेंडू आत टाकावा. या हिशेबात एकच माणूस धरायचा राहून जातो : सेंटरच्या अंगाला अंग लावून उभा असलेला समोरच्या संघातला दुसरा सात फुटी.

आपला सेंटर जातो तिथे हा दुसरा जातो. आपला आत, तर हाही आत. आणि हा आत असला की बाकी चौघांनी कितीही नाचावं, रिंगपाशी पोचल्यावर गाठ याच्याशीच असते.

एक चाल सावकाश बघू. चेंडू गार्डकडे आहे, रेषेबाहेर, मधोमध. आपला सेंटर पेंटच्या, म्हणजे रिंगपुढच्या रंगवलेल्या चौकटीच्या, कडेला, बेसलाइनजवळ उभा आहे. या जागेला ‘डंकर स्पॉट’ म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण तिथे उभं राहणाऱ्या प्रत्येकाला डंक करायला मिळतोच असं नाही. गार्ड आपल्या माणसाला चकवून फ्री थ्रो रेषेच्या आत शिरतो. आता समोर मोकळी रिंग दिसायला हवी; दिसतात दोन लांबलचक हात. सेंटरला राखणाऱ्यानं विशेष काही केलेलं नाही, फक्त एक पाऊल आडवं टाकलंय. त्या एका पावलात त्यानं लेअपही अडवला आणि सेंटरकडे जाणाऱ्या पासवरही एक हात ठेवला. गार्ड हवेत लटकतो, मग घाईघाईनं चेंडू कॉर्नरमध्ये भिरकावतो, आणि प्रेक्षक म्हणतात, ‘गार्डला फिनिशिंग येत नाही.’

एसटीच्या दारातच ट्रंक मांडून उभा राहणारा एक प्रवासी असतो ना, तसाच हा सेंटर. त्यानं तिकीट काढलेलं असतं, कुणाशी भांडणही नसतं. फक्त त्याच्यामुळे मागच्या कुणाला आत शिरता येत नाही.

वर नियमाचा विनोद वेगळाच. एनबीएत २००१-०२ च्या हंगामापासून बचाव करणाऱ्यांनाही तीन सेकंदांचं बंधन आहे. हाताच्या अंतरावर कुणाला राखत नसाल, तर पेंटमध्ये तीन सेकंदांहून जास्त रेंगाळायचं नाही. हा नियम मोठ्या हौसेनं आणला तो रिंगपुढची गर्दी हटवायला. आणि आपला सेंटर काय करतो? स्वतः पेंटला चिकटून उभा राहतो. म्हणजे त्याला राखायच्या नावाखाली समोरच्या उंच गड्याला रिंगपाशी थांबण्याचा परवाना आपणच काढून देतो, तोही फुकट.

आता ब्रुक लोपेझ. २००८ ते २०१६ या आठ हंगामांत नेट्सकडून खेळताना या सात फुटी सेंटरनं तीन गुणांचे किती प्रयत्न करावेत? ३१. त्यातले पडले ३. रिंगकडे पाठ करून, ढुंगणानं रेटत रेटत आत शिरून गुण मिळवणं हा त्याचा पिढीजात धंदा वाटावा असा तो खेळायचा. नवव्या हंगामात, २०१६-१७ मध्ये, त्यानं ३८७ प्रयत्न केले. छापखान्याची चूक नाही, तीनशे सत्त्याऐंशीच.

त्याचं खरं मोल कळलं ते २०१८ मध्ये तो मिलवॉकीला गेल्यावर. तिथे यानिस होता. हा गडी अर्ध्या मैदानातून चार ढांगांत रिंगवर पोचतो, पण लांबून त्याचा नेम बेताचाच. त्यामुळे समोरचे संघ सरळ आत भिंत बांधून उभे राहायचे. नव्यानं आलेले प्रशिक्षक माइक बुडेनहोल्झर यांनी सरावाच्या मैदानावर रेषेबाहेर चिकटपट्टीनं पाच चौकोन आखले. चाल सुरू होताना उभं राहायचं ते या चौकोनांत, सेंटरनंसुद्धा. लोपेझ बाहेर गेला, त्याच्यामागे समोरचा सात फुटी गेला आणि यानिसपुढे रिकामं अंगण उरलं. आदल्या वर्षी ४४ सामने जिंकणारा संघ त्या हंगामात ६० जिंकला आणि यानिस सर्वोत्तम खेळाडू ठरला. लोपेझनं ५१२ वेळा तीनचा प्रयत्न केला, रिबाउंड मात्र सामन्यामागे पाचसुद्धा नाहीत. पहिल्या जमातीनं आकडे बघून नाकं मुरडली. २०२१ मध्ये मिलवॉकीनं विजेतेपद मिळवलं तेव्हा सेंटर तोच होता.

बुडेनहोल्झर यांनी हा डाव आधी एकदा, फारच कमी भांडवलावर खेळून पाहिला होता. २०१४ मध्ये ते अटलांटाचे प्रशिक्षक होते. प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत गाठ पडली इंडियानाशी. इंडियाना ५६ सामने जिंकून पूर्व विभागात पहिला, अटलांटा ३८ जिंकून आणि ४४ हरून कसाबसा आठवा. इंडियानाच्या बचावाचा सारा डोलारा ७ फूट २ इंची रॉय हिबर्टवर. अटलांटानं सेंटरच्या जागी मॅसिडोनियाचा पेरो अँटिच उतरवला आणि त्याला रेषेबाहेर नेऊन उभा केला. गंमत अशी, की त्या मालिकेत अँटिचचा नेम इतका गचाळ होता की त्याला मोकळा सोडला असता तरी फारसं बिघडलं नसतं. पण मोकळा माणूस दिसला की बचावाचा जीव वर-खाली होतो. हिबर्ट बाहेर धावायचा, तेवढ्यात आत लेअप. तो आत थांबायचा, की बाहेरून शॉट. पाचव्या सामन्यात हिबर्टच्या नावापुढे शून्य गुण आणि शून्य रिबाउंड लागले. इंडियानानं मालिका जिंकली खरी, पण सातव्या सामन्यापर्यंत घाम गाळून.

२०२१ च्या प्लेऑफमध्ये हेच यूटाच्या रूडी गोबेअरच्या वाट्याला आलं. यूटा त्या हंगामात सगळ्यांत जास्त, ५२ सामने जिंकलेला संघ. गोबेअर त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू. क्लिपर्सनं अस्सल सेंटर बाकावर बसवून पाचही जण बाहेर पसरवले. सहाव्या सामन्यात यूटा २५ गुणांनी पुढे होता. मग क्लिपर्सचे गार्ड आत शिरायला लागले, गोबेअर रिंग वाचवायला मागे सरकायला लागला आणि कॉर्नरमध्ये मोकळा सुटलेला टेरन्स मान चेंडूमागून चेंडू टाकायला लागला. मानचे ३९ गुण, यूटा घरी. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी शिव्या दिल्या त्या गोबेअरला. रिंगपाशी आणि कॉर्नरमध्ये एकाच वेळी उभं राहता येत नाही, हा त्याचा अपराध. यूटाचे बाहेरचे गार्ड एकामागून एक चकवले जात होते, त्यांच्याबद्दल कुणी ब्र काढला नाही.

एवढं वाचून दुसरी जमात टाळ्या पिटायला लागली असेल. हिचं ब्रीद ‘पाचही बाहेर’. सेंटर आत दिसला की यांना तो म्हातारा वाटतो. यांच्यासाठी न्यूयॉर्क निक्सची गोष्ट. २०२४ च्या शरद ऋतूत निक्सनं कार्ल-अँथनी टाउन्सला आणलं. बाहेरून इतका नेमबाज सात फुटी शोधून सापडायचा नाही. हंगामाच्या सुरुवातीला निक्सचं आक्रमण लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरलं. मग समोरच्या प्रशिक्षकांनी साधी अदलाबदल केली. टाउन्सवर त्यांनी मध्यम उंचीचा चपळ गडी लावला आणि स्वतःचा सेंटर लावला जॉश हार्टवर. हार्ट वाघासारखा रिबाउंड घेतो, पण लांबून तो शॉट मारणार म्हटलं की बचाव करणारे खूश होतात. झालं! टाउन्स बाहेर उभा तो उभाच, आणि समोरचा सात फुटी हार्टला वाऱ्यावर सोडून रिंगपाशी हजर. २०२५ मध्ये इंडियानाविरुद्ध पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत, तिसऱ्या सामन्याला, प्रशिक्षक टॉम थिबोडो यांनी हार्टला बाकावर बसवून सुरुवातीलाच मिचेल रॉबिन्सनला उतरवलं. रॉबिन्सन म्हणजे बाहेरून शॉटचं नावही न काढणारा, आत वावरणारा सेंटर. तो सामना निक्स जिंकले, मालिका ४-२ अशी हरले.

ह्यूस्टनची हकिकत तर दोन ओळींत सांगून होते. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी क्लिंट कपेला हा सेंटर विकूनच टाकला आणि ६ फूट ५ इंचांच्या पी. जे. टकरला त्या जागी खेळवलं. त्यांचा गार्ड वेस्टब्रुक याला ड्राइव्हसाठी हमरस्ता मिळाला, प्लेऑफमध्ये लेकर्सना आपले दोन्ही जाडजूड सेंटर बाकावर बसवावे लागले, आणि तरीही लेकर्सनं मालिका ४-१ नं खिशात घातली. कारण त्यांच्याकडे अँथनी डेव्हिस होता. तो उंचही होता आणि बाहेर येऊन राखूही शकत होता.

दोन्ही जमातींना गप्प करणारा माणूस सर्बियातल्या सोम्बोरचा आहे. निकोला योकिच धड आतही उभा राहत नाही आणि धड बाहेरही. त्याची लाडकी जागा म्हणजे एल्बो, फ्री थ्रो रेषेचं टोक. रिंगपासून पंधरा फुटांच्या आसपास. नकाशावर ही जागा अडगळीची, आजकालच्या आकडेबहाद्दरांच्या हिशेबी तर टाकाऊच, कारण तिथून मारलेल्या शॉटला दोनच गुण. पण योकिच तिथे चेंडू घेतो तेव्हा काय होतं बघा. त्याला राखणाऱ्याला वर यावंच लागतं, कारण मोकळा सोडला तर तो तिथून हळूच, जमिनीवरून पाय न उचलता मारल्यासारखा शॉट टाकतो. राखणारा वर आला की रिंग रिकामी. जमाल मरी त्याच्या अंगाला घासून जातो, हँडऑफ घेतो किंवा घेतल्यासारखं करून पाठीमागून आत पळतो. बेसलाइनला एरन गॉर्डन दबा धरून असतो, तोच डंकर स्पॉट. आधी सेंटरनं अडवलेली ती जागा इथे सोन्याची होते, कारण आता तिथे रिंगरक्षक उरलेला नाही. आणि एल्बोवरून कुठलाही पास दहा-पंधरा फुटांचाच, मधे हात घालायला कुणाला सवड मिळत नाही.

डेन्व्हरला ही अक्कल लगेच आली असं समजू नका. २०१६-१७ च्या हंगामात त्यांनी योकिच आणि युसुफ नुर्किच या दोन धिप्पाड सेंटरना शेजारी शेजारी खेळवून पाहिलं. दोघांना लागणारी जागा एकच, दोघंही गुदमरले. डिसेंबरच्या मध्यात मायकेल मलोन यांनी एकट्या योकिचला सेंटर म्हणून उतरवलं आणि फेब्रुवारीत नुर्किचला पोर्टलंडला धाडलं. २०१४ च्या निवडीत ४१ वा निवडला गेलेला, ज्याचं नाव पुकारलं तेव्हा अमेरिकी टीव्हीवर टाको बेलची जाहिरात चालू होती, तो हा माणूस. २०२३ मध्ये त्यानं डेन्व्हरला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. त्या प्लेऑफमध्ये एकूण गुण, एकूण रिबाउंड आणि एकूण असिस्ट या तिन्हींत तोच पहिला. आधी कुणालाच हे जमलं नव्हतं.

तसं सेंटरला रिंगपासून लांब ढकलायचं काम खुद्द नियमकर्त्यांनीच पूर्वी सुरू केलं होतं. जॉर्ज मायकन आवरेना म्हणून १९५१ मध्ये पेंटची रुंदी ६ फुटांवरून १२ फूट केली. विल्ट चेंबरलेनसाठी १९६४ मध्ये ती १६ फूट झाली. तेव्हा ती शिक्षा होती. आता सेंटर स्वखुशीनं लांब जातो, तर लोक त्याला आळशी म्हणतात.

आता आपल्याकडे बघू. शाळेत आठवीतला एखादा मुलगा हातभर जास्त वाढला की सर त्याला रिंगखाली नेऊन उभा करतात आणि सांगतात, ‘तू इथून हलू नकोस.’ तो बिचारा हलत नाही. ड्रिबल शिकत नाही, पास शिकत नाही, रिंगकडे तोंड करून शॉट शिकत नाही. आणि इथे गणित एनबीएपेक्षाही वाईट आहे. आपल्या स्पर्धा फिबाच्या नियमांनी होतात आणि त्यांत बचाव करणाऱ्याला तीन सेकंदांचं बंधनच नाही. समोरचा उंच मुलगा ४.९ मीटर रुंदीच्या त्या पेंटमध्ये तंबू ठोकून सबंध सामना काढू शकतो. त्याला तिथून उठवायचा एकच उपाय आपल्या हातात आहे, तो म्हणजे आपल्या उंच मुलाला असं कुठेतरी नेणं, की त्याला मोकळं सोडणं महागात पडेल. त्यासाठी त्याला आधी काहीतरी यायला हवं. निदान फ्री थ्रो रेषेवरून नेम आणि आत पळणाऱ्याला वेळेवर पास, एवढं तरी.

तेव्हा सर, एक विनंती. पुढच्या सामन्यात आक्रमण अडलं की गार्डवर ओरडण्याआधी समोरच्या संघातला सगळ्यांत उंच मुलगा कुठे उभा आहे ते बघा. तो पेंटमध्ये निवांत असेल तर टाइमआउट घ्या आणि आपल्या सेंटरला एल्बोवर पाठवा.