नियोजनमहर्षी

परदेशातल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती आटोपून प्रसादाची रांग लागली, की तिच्यात एक गृहस्थ हमखास दिसतो. खांद्याला डायपरची बॅग, कडेवर दीडेक वर्षाचं पोर, पोराच्या मुठीत चेंगरलेला मोदक. पुढचा माणूस नुकताच कुठल्याशा बेटावर सुट्टी घालवून आलाय एवढं कानावर पडायचा अवकाश, याचा प्रश्न तयार असतो, "खोलीपासून पाणी किती मीटर?" 'होतं की जवळच,' हे उत्तर त्याला चालत नाही. "मध्ये रस्ता ओलांडावा लागतो?" हा दुसरा प्रश्न. तिथे तुम्ही काय पाहिलंत, काय खाल्लंत, याच्याशी त्याला काही कर्तव्य नसतं.

आमच्या पाहण्यातला नमुना म्युनिकचा. पोटापाण्यासाठी तो मोटारींच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासतो. म्हणजे काय काय बिघडू शकतं याच्या याद्या करण्याचा त्याला पगार मिळतो. लग्नाआधी हाच माणूस एक टॉवेल घेऊन रात्रीच्या एसटीने गुहागरला जायचा आणि राहायचं कुठे हे तिथे उतरल्यावर ठरवायचा. पोर झालं आणि कचेरीतली विद्या घरात शिरली.

यंदा भूमध्य समुद्रातल्या एखाद्या बेटावर जायचं, असं बायको जानेवारीत सहज म्हणाली. रात्री अकरापर्यंत एक्सेलची फाइल तयार होती. बेट, विमानाचे तास, विमानतळ ते खोली, पायऱ्या, वारा, बालरोगतज्ज्ञ, दही असे रकाने. एक रकाना 'बेंबी' नावाचा. किनाऱ्यापासून किती पावलं आत गेल्यावर पाणी चिरंजीवांच्या बेंबीला लागेल, हे त्यात भरायचं होतं. उपग्रहाच्या चित्रात पाण्याचा निळा रंग कुठे गडद होतो ते मोजून त्याने तो भरलाही.

तारखांचा पेच मात्र खरोखरच कठीण होता, हे मान्य करायला हवं. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत पोराला विमानात मांडीवर नेता येतं. त्यानंतर त्याला स्वतंत्र सीट घ्यावी लागते. चिरंजीवांचा वाढदिवस 3 जुलैला. तोही जायच्या तारखेला नव्हे, परतीच्या तारखेला मोजायचा. इकडे बव्हेरियातल्या शाळांना पेंटेकॉस्टची दोन आठवडे सुट्टी. ती संपेपर्यंत दर चढे. त्यात सांगलीची आजी नातवाला सांभाळायला नव्वद दिवसांच्या व्हिसावर आलेली. हे सगळं एकमेकांवर ठेवल्यावर जूनच्या उत्तरार्धात एक फट उरली. त्या फटीकडे तो ज्या प्रेमाने बघतो, त्या प्रेमाने त्याने बायकोकडे पाहिल्याचं कुणाला आठवत नाही. तिला तर नाहीच.

मग बेटांची छाननी. पहिला बळी मायोर्का. स्पेनचं हे बेट जर्मनांना इतकं प्रिय, की ते त्याला थट्टेने आपलं सतरावं राज्य म्हणतात. "दोन तास पोर मांडीवर घेऊन पुन्हा म्युनिकच्याच लोकांत जायचं?" असा त्याचा सवाल. शिवाय त्याने इतिहासातून पुरावा आणला. 1838 च्या हिवाळ्यात संगीतकार शोपँ आणि लेखिका जॉर्ज सांद तिच्या दोन मुलांना घेऊन मायोर्काला राहायला गेले. पाऊस थांबेना, शोपँचा खोकला थांबेना आणि पॅरिसहून मागवलेला पियानो कस्टममध्ये अडकून पडला. या करुण कहाणीवर त्याचा शेरा एका ओळीचा: "हवामानाचा रकाना केलेला दिसत नाही."

माल्टा त्याला मनापासून आवडलं होतं. गाड्या डाव्या बाजूने, इंग्रजी सगळ्यांना येतं, प्लगसुद्धा तीन पिनांचा. पण वॅलेटाच्या काही गल्ल्या म्हणजे सरळ पायऱ्याच, आणि चिरंजीवांना सध्या पायरी हा मनुष्यजन्माचा एकमेव हेतू वाटतो. एक चढायची, तीच उतरायची, पुन्हा चढायची. एका गल्लीत आठवडा गेला असता. ग्रीसमधल्या नाक्सोसची वाळू उत्तम, पाणी उथळ. पण म्युनिकहून विमान, मग बंदर, मग बोट. ते तीन टप्पे आणि त्यांच्यामध्ये पाजायच्या दुधाच्या वेळा त्याने मांडून पाहिल्या आणि ती ओळ तांबडी केली.

राहता राहिलं सांतोरिनी. बायकोचा जीव त्याच्यावर. तिथल्या इया गावातला सूर्यास्त बघायला सगळं जग जातं, आपण का नाही? त्याने शांतपणे दाखवून दिलं, की जूनअखेर तिथला सूर्य मावळतो साधारण पावणेनऊला आणि आपले चिरंजीव मावळतात साडेसातला. दोघांपैकी एकालाही हलवणं शक्य नाही. ती गप्प बसली. मध्यरात्री मात्र हा ताडकन उठून बसला. ग्रीसचं घड्याळ जर्मनीच्या एक तास पुढे! पोराला जर्मन वेळेवरच ठेवलं तर ते झोपणार तिथल्या साडेआठला. उठणारही सहाऐवजी सातला. फुकटात एक तास, रोज! त्या आनंदात त्याने बायकोला उठवलं. तिने डोळे न उघडता विचारलं, "म्हणजे सांतोरिनी?" त्याने पुन्हा हिशेब केला. पंधरा मिनिटांनी हुकत होतं.

अखेर क्रीट ठरलं. ग्रीसमधलं सगळ्यात मोठं बेट, थेट विमान, उत्तर किनाऱ्याला लांबच लांब वाळू. एलाफोनिसीचं उथळ, गुलाबी वाळूचं पाणी 'बेंबी'च्या रकान्यात पहिलं आलं होतं, पण खान्या शहराहून तिथे जाणारा डोंगरातला वळणावळणांचा रस्ता आजीने मोबाइलवर पाहिला आणि न बोलता पर्समधली आवळासुपारी चाचपली. तेवढ्यावर एलाफोनिसी गेलं. समारियाची 16 किलोमीटरची दरी त्याने यादीतून काढली नाही; समोर 'चिरंजीव बारा वर्षांचे झाल्यावर' असं लिहून ठेवलं. क्नोसॉसचा राजवाडा आधी ठेवला होता. पण मिनोटॉरचा चक्रव्यूह तिथलाच मानतात हे कळल्यावर, बाबागाडीसह अभिमन्यू व्हायची त्याची तयारी नव्हती.

क्रीटची पुराणकथा मात्र त्याने आजीला मोठ्या हौसेने सांगितली. आपलं मूल आपल्याला पदच्युत करणार या भीतीने क्रोनोस एकेक पोर गिळत सुटला होता, म्हणून आईने तान्ह्या झ्यूसला क्रीटच्या गुहेत लपवलं.

"म्हणजे आपला कंसच की," आजी म्हणाली. "मामाच ना?"

"नाही गं आई. बाप."

"अगंबाई! सख्खा बाप?" आजीने नातवाला जवळ ओढलं.

पुढे अमाल्थिया नावाच्या बकरीने दूध पाजलं हे आजीला पटलं. पण पोराचं रडणं बापाच्या कानी जाऊ नये म्हणून गुहेबाहेर सैनिक ढालींवर शस्त्रं बडवत नाचायचे, इथे निवेदक स्वतःच थबकला. हॉटेलच्या भिंती किती जाड असतात, हा रकाना राहून गेला होता.

तेव्हा हॉटेलला ईमेल गेली. तेरा प्रश्न, क्रमांकासह. कॉट आहे का, गादी कडक आहे का, पडदे पूर्ण अंधार करणारे आहेत का, गच्चीच्या कठड्याच्या दोन गजांमधलं अंतर सेंटिमीटरमध्ये, आणि असेच. तीन दिवसांनी मालकीणबाईंचं उत्तर आलं: "हो. बाळाचं नाव काय?"

त्याची झोप उडाली. "हो म्हणजे कशाला हो? तेरा प्रश्नांना मिळून एक हो? गजांमधलं अंतर हो?" बाळाच्या नावासाठी फाइलमध्ये रकानाच नव्हता. बायकोने त्याच्या नकळत नाव कळवलं, वर एक फोटोही धाडला: अंगावर लंगोट, डोक्यावर भाताचं पातेलं. पलीकडून लगेच आलं, "फ्तू, फ्तू, फ्तू!"

"थुंकतात?" तो ओरडला. "आणि हे स्वच्छतेत कुठे धरायचं?"

"दृष्ट काढलीन रे तिने," आजी शांतपणे म्हणाली. "चांगली बाई दिसते. तिला म्हणावं मीठमोहरी मी आणते." क्रीटबद्दल आजीने घेतलेला हा पहिला आणि शेवटचा निर्णय. त्यानंतर तिने फक्त जेवणाची चौकशी केली. तिथे दही घट्ट मिळतं, भात मिळतो, दूधभाताची दालचिनी घातलेली खीर मिळते आणि फावा नावाचं, पिवळ्या डाळीसारखं घोटलेलं एक प्रकरण मिळतं, हे ऐकल्यावर तिने मेतकुटाची बरणी बॅगेत टाकून विषय संपवला. फोडणीचं ती बघून घेणार आहे.

मे महिन्यात रंगीत तालीम झाली. इझार नदीच्या काठी चौघं गेली. पोराच्या अंगाला पन्नास नंबरचं क्रीम, डोक्याला मानेपर्यंत झालर असलेली टोपी, हातात नवी बादली. टोपी पहिल्या मिनिटाला नदीत गेली. बादलीकडे त्याने पाहिलंही नाही. मुठीएवढा एक गोटा उचलला आणि दोन तास तो पाण्यात टाकून परत काढण्यात घालवले. घरी जाताना गोटा बाबागाडीत, मग जेवणाच्या टेबलावर, मग उशाशी. बापाने त्या रात्री फाइलमध्ये नोंद केली: 'वाळू — खातो. दगड — सोडत नाही. सामानात वजन: 400 ग्रॅम.' गोटा त्याने स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला होता, पोर झोपल्यावर, मुठीतून अलगद सोडवून.

निघायच्या आदल्या आठवड्यात बायकोने पाहिलं, तर स्क्रीनवर क्रीट नव्हतंच. सार्डिनिया होतं. पुढच्या वर्षीचं. चिरंजीव दोन पूर्ण, सीट पूर्ण, म्हणून खर्चाचे सगळे आकडे मुळापासून नव्याने मांडायला घेतलेले.

"अरे, आधी क्रीटला तर जाऊन येऊ," ती म्हणाली.

"क्रीट?" त्याने मान वर न करता विचारलं. "ते तर झालं की."